समुद्राकडची वायर

१

त्या गावात चार्जिंगच्या रांगेत माणसं उभी राहत नसत, वस्तू बसत.

धक्क्याला लागून बंद पडलेल्या बर्फ कारखान्याचं आवार होतं आणि त्या आवारात गावातलं एकुलतं एक चार्जिंगचं मशीन. मशीनला दोन वायरी. एक कारखान्याच्या बाजूला, ती चालायची. दुसरी समुद्राच्या भिंतीकडे, ती बसवल्या दिवसापासून मेलेली. साहेब लोक आले, तिच्यासोबत फोटो काढून गेले, ते गेलेच. खाऱ्या वाऱ्यानं तिचं तोंड हिरवं पडलं होतं. म्हणजे रिक्षा, स्कूटरी, पाववाल्याची गाडी, मासळीचे टेंपो, सगळ्यांची मदार एकाच वायरीवर.

मग गावानं आपली सोय आपणच लावली. मशीनसमोर लांबट कट्टा होता. ज्याला नंबर लावायचा असेल त्यानं आपली वस्तू कट्ट्यावर ठेवायची आणि खुशाल कामाला जायचं. पाववाले काका तुटक्या कानाचा क्रेट ठेवत. रिक्षावाला आपल्या सीटची उसवलेली उशी. दवाखान्यातल्या नर्सबाई छत्री. पुढच्याचं झालं की मागच्यानं सगळ्या वस्तू एकेक घर पुढे सरकवायच्या. कुणाला फारच घाई असेल तर अदलाबदल चालायची, पण दोघांच्या राजीखुशीनं. दुसऱ्याची वस्तू परस्पर मागे ढकलायची नाही, हा एकच कडक नियम.

"वस्तू म्हणू नकोस पोरी," पाववाले काकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तिथे माणूसच बसलंय असं समजायचं."

ती म्हणजे भिंगरीची आई. नवरा पहाटे टेंपो घेऊन मासळी पोचवायला जाई आणि दुपारी गाडी तिच्या हवाली करून आडवा होई. गाडी चार्ज करून आणणं तिचं काम. तीन वर्षांच्या भिंगरीला शेजारच्या सीटवर बसवून ती रोज आवारात यायची आणि आपल्या पोळीच्या डब्याचं निळं झाकण कट्ट्यावर ठेवायची.

"आल्या झाकणवाल्या वहिनी," रिक्षावाला म्हणे. "अहो, अजून अर्ध्या काड्या शिल्लक दिसतायत. आज तरी दम धरा!"

"तुम्हाला नाही कळायचं, भाऊजी," ती म्हणायची.

त्याला खरंच कळलं नसतं. भिंगरीच्या छातीत लहानपणापासून दमा होता. पोर कधी अचानक धापायला लागेल आणि पंपानं भागणार नाही, नेम नव्हता. मोठा दवाखाना खाडी ओलांडून पार पलीकडे. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या काड्या अर्ध्याच्या खाली गेल्या की तिला घरात थांबवत नसे. लोकांना ती गाडीची बॅटरी वाटे. तिला त्या काड्या म्हणजे पोरीचा श्वास वाटत.

२

एका ढगाळ दुपारी ती झाकण ठेवायला गेली तेव्हा कट्ट्यावर शेवटी एक अनोळखी वस्तू होती. गाडीचा आरसा. दाराला बाहेरून असतो तसा, मुळासकट उपटून काढल्यासारखा. काच भिंतीकडे तोंड करून होती. मागच्या काळ्या खोळीतून पाणी झिरपत होतं.

"हा कुणाचा हो?"

रिक्षावाल्यानं खांदे उडवले. "सकाळपासून आहे. असेल कुणी पाहुणा. सुट्टीला येतात, गाडी कुठेतरी ठोकतात आणि वर नंबर लावून पोहायला जातात."

"पण ओला कसा? पाऊस तर नाही."

"वहिनी, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?"

तीही हसली. आपला स्वभाव काळजीखोर आहे हे तिला ठाऊक होतं. सासूबाई दिवसातून दहा वेळा तेच ऐकवायच्या. तिनं झाकण आरशाच्या मागे ठेवलं आणि सवयीनं मोबाईल काढला. मोबाईलवर मशीनच्या दोन वायरींचे दोन ठिपके दिसायचे. मोकळी असेल तर हिरवा, चालू असेल तर लाल. समुद्राकडच्या वायरीचा ठिपका कायमचा राखाडी.

आज तो लाल होता. खाली लिहिलं होतं, चार्जिंग सुरू.

तिनं मान वर करून पाहिलं. समुद्राकडची वायर आपल्या आकड्याला नेहमीसारखी लटकत होती. तिच्यासमोरची गाडी लावायची जागा रिकामी. फक्त तिथली फरशी ओली होती, गाडीच्या आकाराची लांबट ओल, बाकी आवार कोरडं ठणठणीत.

"मोबाईल चालेना का तुझा?" पाववाले काकांनी विचारलं.

"मशीनच बिघडलंय वाटतं," ती म्हणाली. ओल भरतीच्या पाण्याची असेल, भिंतीला कुठेतरी भोक असेल, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी आरसा तिथेच होता. तिसऱ्या दिवशीही. कुणी न्यायला आलं नाही आणि नियम म्हणजे नियम, कुणी मागेही सारला नाही. जो तो आपलं झालं की वस्तू पुढे सरकवताना त्यालाही एक घर पुढे सरकवी आणि मग हात पॅंटला पुसून घेई. त्याच्या मागे कुणाला घाई असेल तर तो पुढच्यांशी राजीखुशीनं अदलाबदल करून घेई. आरसा वाळत मात्र नव्हता.

३

भिंगरीला खोकला लागला तो सकाळपासून. दुपारपर्यंत छाती शिट्टी वाजवायला लागली. पंप दिला, वाफ दिली. नवरा गाडी लावून आत आला आणि पोरीची पाठ चोळायला बसला.

"काड्या किती आहेत?" तिनं विचारलं.

"दोन. आज लांबचा बाजार केला गं."

"दोन काड्यांत खाडीचा पूलसुद्धा यायचा नाही. तुम्हाला सांगून ठेवलं होतं ना मी?"

"भांडू नका," सासूबाई आतून म्हणाल्या. "तू जा आणि थोडी तरी चार्ज कर. तोवर हा दुसऱ्या कुणाची गाडी मिळते का बघेल. आणि पोरीला ठेव इथे."

पोरीला ठेवायचा प्रश्नच नव्हता. तिनं भिंगरीला उचललं, डोक्याला लोकरीची पिवळी टोपी घातली आणि निघाली. आवारात पोचल्यावर कळलं, झाकण घरीच राहिलं.

चालू वायर मोकळी होती. आवारात पाववाले काका तेवढे आपल्या गाडीत पाय वर घेऊन बसले होते. कट्ट्यावर आरसा आज पहिल्या नंबरला पोचला होता. मागे क्रेट.

"काका, मला पुढे जाऊ द्या. पोरीला धाप लागलीय."

"माझ्या पुढे जा बाई, विचारतेस काय?" काका तडक उठले. "पण पहिला नंबर माझा नाही. त्याचा... म्हणजे ज्याचा असेल त्याला विचारायला हवं. थोडं थांबून बघ, येईल कुणी."

"चार दिवस कुणी आलं नाही, ते आता यायचंय?"

सीटवर भिंगरी मान मागे टाकून श्वास ओढत होती. गळ्याखाली खळगा पडत होता. आईनं मागचापुढचा विचार केला नाही. हाताला लागली ती पिवळी टोपी पोरीच्या डोक्यावरून काढली, आरशाला धरून क्रेटच्याही मागे लोटलं आणि पहिल्या जागी टोपी ठेवली. आरसा जड होता, पाण्यानं भरलेल्या घागरीसारखा. लोटताना काच तिच्याकडे वळली. काचेत तिच्या पाठीमागची जागा दिसली, समुद्राकडच्या वायरीसमोरची. तिथे गाडी उभी होती. काळपट, बुटकी, दिवे विझलेली.

तिनं वळून पाहिलं. जागा रिकामी. ओली फरशी.

तिनं वायर गाडीला जोडली. मशीन घूं करून सुरू झालं. त्या संथ घूंमध्ये पोरीची शिट्टी हळूहळू बारीक होत गेली आणि थांबली. भिंगरी झोपली होती. गळ्याखालचा खळगा भरून आला होता, ओठांना रंग आला होता. आईनं तिचं कपाळ चाचपलं. गार.

"बघ, खाऱ्या वाऱ्यानं उतारा पडला," काका म्हणाले. "उगाच घाबरतेस."

ती रडता रडता हसली. निघताना टोपी घ्यायला कट्ट्याशी गेली. क्रेट होता, आरसा होता. टोपी नव्हती.

४

त्या दिवसापासून भिंगरी खोकली नाही.

नवरा खूश. सासूबाईंनी तर पोरीची दृष्ट काढल्यासारखं दोन्ही गालांवरून हात फिरवला. "सुटली गं बाई माझी छकुली त्या दम्यातून." भिंगरी जेवायची, झोपायची, हट्ट करायची नाही, रडायची नाही. खिडकीशी बसून समुद्राकडे बघत राहायची. मानेवरचे केस सारखे ओलसर लागत. पुसले तरी थोड्या वेळानं पुन्हा ओले.

आईला सवय होती पोरीच्या पाठीला कान लावायची. शिट्टी आहे का, किती आहे, हे तिला कानानं कळे. आता शिट्टी नव्हती. दुसरंच काहीतरी होतं. खूप खोल, खूप संथ, न थांबणारं.

घूं.

"अहो, तुम्ही ऐका जरा."

नवऱ्यानं कान लावला. "छाती मोकळी आहे."

"आणि काही ऐकू येत नाही?"

"फ्रिजचा आवाज येतोय." तो उठून बसला. "पोर आजारी तरी तुला घोर, बरी तरी घोर. तुला नेमकं हवंय काय?"

नवऱ्याचं खोटं नव्हतं. तिला काय हवं होतं? हेच तर मागत होती ती, पोरीच्या छातीतली शिट्टी जाऊ दे. मिळालं होतं.

तरी दुसऱ्या दिवशी ती नर्सबाईंकडे गेली. नर्सबाईंनी भिंगरीच्या पाठीवर नळी लावली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "जरा तो पंखा बंद कर गं."

तिनं पंखा बंद केला. नर्सबाईंनी पुन्हा नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग डोळे न उघडताच चिडून म्हणाल्या, "अगं, बंद कर म्हटलं ना पंखा!"

पंख्याची पाती केव्हाच थांबली होती.

नर्सबाईंनी वर पाहिलं. नळी काढून गळ्यात घातली आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "साफ आहे छाती. ने तिला घरी." त्या दिवसापासून त्यांनी आपली छत्री कट्ट्यावर ठेवणं सोडलं.

५

दुपारी भिंगरी स्वयंपाकघरात खाली बसून वाटीतला भात खात होती. आई भांडी विसळत होती. पोर आपल्याशीच बडबडत होती, "एक घास आईचा, एक घास आज्जीचा, एक घास..."

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावला, फ्रिज थरथरून थांबला. सगळ्या घरावर एकदम शांतता पडली. खरकटी ताटली हातात घेऊन आई वळली.

भिंगरी थांबली होती. चमचा तोंडापाशी, तोंड उघडं, डोळे उघडे. चमच्यातून एक शीत ओघळून फ्रॉकवर पडलं.

"भिंगरे?"

पापणी लवली नाही. आईनं तिला हलवलं, गालाला हात लावला. भिंतीला लावावा तसा. छातीला कान लावला. घूं नव्हतं. काहीच नव्हतं. तिला वाटलं, आपण ओरडलो तर हे खरं होईल.

मग पंखा कुरकुरला. फ्रिज सुरू झाला.

"...बाबाचा," भिंगरी म्हणाली आणि चमचा तोंडात घातला.

सासूबाई बाहेरून डोकावल्या. "आली का वीज? आणि तू अशी फतकल मारून काय बसलीस?"

बाहेर रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा चालली होती. वीज कंपनीची सूचना. लाईनच्या कामासाठी उद्या सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत गावचा वीजपुरवठा बंद राहील. नागरिकांनी सहकार्य करावं.

संध्याकाळपर्यंत.

६

ती उजाडता उजाडता आवारात आली. धक्क्यावर बर्फ नव्हता म्हणून नवरा आज बाजाराला गेला नव्हता, टेंपो तीच घेऊन आली होती. समुद्रावरून राखाडी धुकं आत सरकत होतं. तिच्या कडेवर भिंगरी होती आणि पिशवीत निळं झाकण.

आवार रिकामं. समुद्राकडची वायर आकड्याला नव्हती. मशीनच्या पोटातून निघून ती भिंतीवरून पलीकडे गेली होती, पायऱ्यांवरून खाली पाण्यात. ताणलेली होती, खाली जड काही बांधल्यासारखी. अधूनमधून किंचित हलत होती.

कट्ट्यावर फक्त आरसा होता. दुसऱ्या जागी. पहिली जागा मोकळी सोडून.

तिच्या डोक्यात तेव्हाही एक शहाणी बाई बोलत होतीच. रात्री झोप नाही तुला, पोटात अन्न नाही, घरी जा. पण त्या शहाण्या बाईला पोर नव्हती. तिनं खाली बसून आरसा हळूच आपल्याकडे वळवला.

काचेत कट्टा दिसला आणि कट्ट्यावर पहिल्या जागी पिवळी टोपी दिसली. तिच्यामागे ती काळपट गाडी. काचा आतून धुरकटल्या होत्या, बंद गाडीत कुणी खूप वेळ श्वास घ्यावा तशा. मागच्या काचेवर दोन तळवे टेकलेले होते. इवलेसे. त्यांच्यामध्ये एक तोंड उघडझाप करत होतं. आवाज येत नव्हता, पण खोकताना खांदे कसे उचलले जातात ते आईला कुणी शिकवायला नको होतं.

पुढच्या सीटवरही कुणीतरी होतं. तिनं तिकडे पाहिलं नाही. ते शांतपणे बसलं होतं, आपला नंबर कुणीतरी घेतल्यावर माणूस बसतो तसं.

तिनं कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. ती समुद्राकडे बघत होती.

"चुकलं माझं," आई आरशाला म्हणाली. आवाज चोरटा निघाला. "घाईत होते मी. पण ती लहान आहे हो. तिला दमा आहे. तिला नका बसवून ठेवू. मी बसते तिच्या जागी." मग नियम आठवून ती म्हणाली, "अदलाबदल. राजीखुशीनं. चालेल ना?"

वायर एकदा हलली. एवढंच.

आरशात बघत बघत तिनं मोकळ्या कट्ट्यावर हात नेला. बोटांना ओली लोकर लागली. ती तिनं उचलली आणि त्या जागी निळं झाकण ठेवलं. मग आरसा उचलून, तो कितीही जड असला तरी, झाकणाच्याही पुढे नेऊन ठेवला. ज्याचा नंबर त्याला.

कडेवर पोरीनं मोठ्ठा श्वास ओढला. शिट्टी वाजली. मग खोकला, एकामागून एक, डोळ्यांत पाणी आणणारा.

"आई, छातीत दुखतं," भिंगरी रडायला लागली.

"हो गं माझ्या राणी. रड. रड तू," आई म्हणाली आणि तिला घट्ट धरून गाडीकडे धावली.

७

रस्ताभर भिंगरी धापत होती आणि आईला ते गाण्यासारखं वाटत होतं. खाडीचा पूल गेला. घाटाचं वळण गेलं. बॅटरीच्या तीन काड्या होत्या, पुलापाशीही तीन, दवाखान्याच्या फाटकापाशीही तीनच. तिनं त्याचा विचार करायचं टाळलं. हात स्टिअरिंगवर गार पडले होते, मानेवर केस ओले लागत होते. धुक्यातून आलोय, तिनं स्वतःला सांगितलं.

दवाखान्याच्या दारात तिनं गाडी लावली, किल्ली फिरवली, काढली. भिंगरीला उचलून छातीशी धरलं. पोरीनं तिच्या छातीला कान लावला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली,

"आई, गाडी बंद कल ना."

किल्ली तिच्या हातात होती.

आत डॉक्टरांनी ताबडतोब पोरीला घेतलं. तोंडावर वाफेचा मास्क लावला. नळी लावून ऐकताना त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, तुम्ही जरा लांब उभ्या राहा. दुसराच आवाज येतोय." ती दोन पावलं मागे सरली. मास्कखाली पोरीचा श्वास हळूहळू लयीत येत होता. खराखुरा, शिट्टीचा, पोरीचा स्वतःचा श्वास. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. "दोन दिवस ठेवून घेऊ. बरी होईल."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला थोडाच अवकाश होता.

तिनं घाईघाईनं नवऱ्याचा नंबर सांगितला, तिथल्या बाईला लिहून घ्यायला लावला. पंप पिशवीत आहे. दूध कोमट लागतं, गरम नको. पिवळी टोपी ओली आहे, धुऊन वाळत घाला. "आणि मी थांबले ना," ती म्हणाली, "तर संध्याकाळपर्यंत मला कुठे हलवू नका. कुणी काही म्हटलं तरी नका."

"थांबा की, इथेच थांबा," ती बाई समजुतीनं म्हणाली. "आईला कोण जा म्हणतंय?"

तिनं मान हलवली. मग पोरीजवळ जाऊन कॉटच्या कडेवर बसली, तिचा तळवा आपल्या हातात घेतला. तो गरम होता.

"आई, गोष्ट सांग."

"सांगते हं. एक होती भिंगरी. तिला एक आई होती. आणि ती आई तिला सोडून कधीच कुठे..."

भिंगरीनं थोडी वाट पाहिली. मग मास्कच्या आडून आईच्या उघड्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "पुढे?"